निवांत बसण्याजोगं जंगल

जंगलात जाऊन नुसतं बसायचं, ही कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून पहिल्यांदा निघाली तो माणूस पोटभर जेवलेला असणार, असं माझं जुनं मत आहे. आणि पगार मात्र मी त्याच बसण्याचा घेतला.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी अमरावतीला वनपाल होतो. अंगावर खाकी, पायात खात्याचे बूट, दर महिन्याला पगार. आमच्या साहेबांच्या मनात आलं की शहरातल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी जंगलात यावं, मोकळी हवा खावी, मुलाबाळांना झाडं दाखवावीत. त्यासाठी अमरावती-अकोल्याकडची कोणती जंगलं योग्य आहेत ते हिंडून पाहायचं आणि टिपण द्यायचं, हे काम माझ्याकडे आलं. साहेब पुण्याकडचे, भला माणूस. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. "पाणी बघा, सावली बघा. सपाट जागा आहे का, मोटार कुठवर जाते, काटेकुटे किती. आणि मुख्य म्हणजे तिथं माणसाला निवांत वाटतं का ते बघा."

बाकीचं सगळं समजलं. निवांतपणाशी माझं घोडं अडलं. मी विचारलं, "ते कसं बघायचं साहेब?"

"घरच्यांना घेऊन जा. पत्नीला, आईला. त्या कशा बसतात त्यावरून कळेल."

सांगायला काय जातं! पण हुकूम म्हणून मी बायकोला घेऊन अमरावतीजवळच्या पोहऱ्याकडची एक-दोन ठिकाणं पाहिली. एका ठिकाणी पाणी होतं तर सावली नव्हती. दुसरीकडे गवत इतकं माजलेलं की बायकोच्या नव्या लुगड्यात कुसळं भरली आणि ती वेचता वेचता तिनं माझ्या खात्याचा चांगला उद्धार केला. चिखलदऱ्याला तर इंग्रजांच्या काळापासून साहेबलोक हवा खायला जात होते. तिथली योग्यता मी काय कप्पाळ ठरवणार. मग मीच साहेबांना म्हणालो, अकोला जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याला एक जागा आहे, नाला आहे, डोह आहे, अर्जुनसादड्याची मोठमोठी झाडं आहेत, ती पाहून येतो.

ती जागा मला ठाऊक असण्याचं कारण माझी माय. आमचं गाव त्याच जंगलाच्या कडेला. बाप लवकर गेला. शेत नव्हतं. निंदण-वेचणीचे दिवस सरले की माय जंगलातून मोळी आणायची आणि बाजारगावात विकायची. मोळीची ज्वारी, ज्वारीची भाकर, भाकरीवर मी. वाळकं वेचायला म्हणे मुभा होती, ओलं तोडलं की गुन्हा; पण वाळकं कोणतं आणि ओलं कोणतं हे नाकेदाराच्या त्या दिवशीच्या मिजाजीवर ठरायचं. आमच्याकडे जंगलात फिरणाऱ्या प्रत्येक खाकीवाल्याला नाकेदारच म्हणत. एकदा माय संध्याकाळी रिकामी आली. मोळी गेली होतीच, कुऱ्हाड आणि दोरीही गेली होती. ती चुलीपाशी बसून राहिली, चूल पेटवायचं तिला सुचेना. मी भुकेला होतो, त्यामुळे मी तिच्यावरच चिडलो.

आणि पुढे मीच खाकी घातली. छप्पन सालानंतर आमच्या घरात पुष्कळ बदललं होतं. दीक्षा घेतली, देव्हारा गेला, मी मॅट्रिक झालो, नोकरी लागली. कोणापुढे वाकायचं नाही हे मायनं मनावर इतकं घेतलं होतं की गावच्या पाटलाशी ती त्याच्या डोळ्यात पाहून बोलायची. देव सोडले, जोहार सोडला, नाकेदार मात्र तिच्या अंगातून गेला नाही. खाकी घालून मी पहिल्यांदा घरी आलो तेव्हा ती दारात तांदूळ निवडत होती. माझ्या बुटांचा आवाज ऐकला आणि वर न पाहताच चटकन उठून उभी राहिली. सुपातले तांदूळ सांडले. मग मला ओळखून हसली, म्हणाली, "तू हायेस होय!" मीही हसलो. पण त्या दिवसापासून मला त्या कपड्यांची लाज वाटायला लागली आणि ते अंगावरून उतरवणंही परवडण्यासारखं नव्हतं. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांचं औषध त्याच खाकीतून येत होतं.

तर त्या जंगलात तिला एकदा घेऊन जायचं, डोहाकाठी सावलीत बसवायचं, कोणाच्या बापाला न भिता तिनं तिथं पाय पसरून जेवायचं, एवढं माझ्या मनात होतं. टिपणाचं निमित्त. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच त्याची गरज होती. ती एकदा निवांत बसली असती तर माझ्या मनावरचा दगड उतरला असता.

दिवस थंडीचे होते. माय आणि बायको, दोघींना घेऊन अकोल्याला मावशीकडे रात्री मुक्काम केला. सकाळी पाहतो तर माय मावशीच्या अंगणातल्या गोवऱ्या पोत्यात भरते आहे. रोडग्यांचा बेत होता. बाहेर जेवायला जायचं म्हटलं की वऱ्हाडी माणसाला रोडगे आणि वांग्याची भाजी यापलीकडे काही सुचत नाही, आणि हे कणकेचे गोळे भाजायचे तर गोवऱ्यांच्या फुफाट्यातच. तरी मी म्हणालो, "माय, इतक्या कायले? जंगलात काड्या काय कमी हायेत?"

"त्या जंगलच्या हायेत," ती म्हणाली. "तुह्या नोकरीवर काई येईन तं?"

एस.टी.त कंडक्टरनं पोत्यात डोकावून पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "काहो मावशी, जंगलात जाऊन राह्यल्या अन् सरपन घरून नेऊन राह्यल्या?"

सगळी गाडी हसली. माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. माय मात्र गंभीरपणे म्हणाली, "घरचं हाय बाप्पा. कोनाचं चोरून नाई आनलं."

हसणं थांबलं असं नाही, लोक हसतच राहिले. मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

फाट्यावर उतरलो तर तिथला नाकेदार वाट पाहत उभा. नवाच लागलेला, मिशी नुकती फुटलेली, मला पाहून त्यानं खाडकन सलाम ठोकला. मी सलाम घेतला आणि मागे वळलो. बायको होती, पोतं होतं, माय नव्हती. ती रस्ता सोडून नाल्यात उतरली होती आणि खालून, दगडांवरून, वाकून चालायला लागली होती. गुडघे दुखतात म्हणून अमरावतीत दवाखान्यात जायला रिक्षा मागणारी बाई!

माझं डोकं फिरलं. "रस्त्यानं चाल नं माय! मोटारीचा रस्ता हाय, चांगला सपाट हाय!"

"रस्त्यानं नाकेदार भेटते," ती खालूनच म्हणाली.

"अवं तो माह्या हाताखालचा हाय! त्याचा साहेब मी हाव!"

"तू हायेस. थो नाई ना तुह्यासारखा."

त्या पोराला हे सगळं ऐकू गेलं असणार. तो बिचारा झाडांकडे पाहत उभा राहिला. मी त्याला पुढे नाक्यावर जायला सांगितलं, तेव्हा कुठे माय वर आली. वर आल्यावर मला म्हणते, "सवय हाय रे, पाय आपोआप जाते तिकडं." तिचं ते समजावणं मला जास्तच लागलं. मी नुसता पुढे पुढे चालत राहिलो.

जागा मात्र खरोखर सुरेख होती. नाल्याला वळण होतं, वळणात डोह, डोहाच्या अलीकडे स्वच्छ रेती. अर्जुनसादड्यांच्या पांढऱ्या खोडांची थंडगार सावली. पाणी पुरेसं, मोटार जवळपर्यंत येते, काटे नाहीत, रेतीत विस्तव केला तर गवताला धोका नाही. मी मनातल्या मनात गुण देत हिंडत होतो. बायकोनं आल्या आल्या पाण्यात पाय सोडले आणि माहेरच्या कोणत्यातरी गाण्याची ओळ गुणगुणायला लागली. ती निवांत बसायला जन्मलेली बाई, तिच्यावरून काही ठरवण्यात अर्थ नव्हता. मी मायकडे पाहत होतो.

माय बसली होती, पण कशी? उकिडवी. पोत्याला पाठ टेकून, तोंड रस्त्याकडे करून. हाक मारली की उठता यावं अशी. कणीक मळली तीही तशीच बसून. रोडगे फुफाट्यात पुरले, आणि मग समोरच्या पळसाकडे पाहत मला हळूच विचारलं, "जेवाले पानं लागतीन. तोडू का रे?"

पळसाची पानं! ज्या पळसाला गुरं खातात, वाटसरू ओरबाडतात, त्याची चार पानं तोडायला माझी माय मला परवानगी विचारत होती. मी तिरिमिरीत उठलो आणि फांदीच्या फांदी मोडून तिच्यापुढे टाकली. "घे! घे लागतीन तितकी!"

तिनं फांदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एवढी कायले मोडली," म्हणाली. आणि त्यातली लागतील तेवढीच पानं खुडून उरलेली फांदी तिनं रस्त्यावरून दिसणार नाही अशी दगडामागे सारली.

तेवढ्यात नाल्याच्या वरच्या अंगानं दोन बाया आल्या. डोक्यावर मोळ्या. एक मायच्या वयाची, दुसरी तरणी. वळणावरून त्या उतरल्या आणि त्यांना मी दिसलो. कामावर आहे म्हणून मी पूर्ण गणवेशात गेलो होतो, टोपीसकट. म्हातारीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. दोघींनी मोळ्या तिथंच टाकल्या आणि आल्या वाटेनं पळत सुटल्या. म्हातारी पळता पळता घसरली, तरणीनं तिला दंडाला धरून ओढली.

माय उठून उभी राहिली आणि ओरडली, "अवो बाया! थांबा नं! भेऊ नोका! थो माहा पोरगा हाय!"

हे ऐकून तर त्या जास्तच जोरानं पळाल्या.

माय हात वर करून तशीच उभी राहिली. मग हात खाली आणला. मला वाटलं ती रडेल, पण ती मला म्हणाली, "त्यायले वाटलं, नाकेदाराची माय आली." आणि मग, जणू आत्ताच कळल्यासारखी, "खोटं थोडीच हाय."

मी काही केलं नव्हतं. मी त्यांना ओरडलो नव्हतो, जागचा हललो नव्हतो, तोंडात साधी शिटीही नव्हती. पण काही न करता माणसं पळावीत असा मी झालो होतो, आणि माझ्या मायच्या डोळ्यांदेखत झालो होतो. ज्या भीतीतून तिला सोडवायला तिला इथवर आणलं, ती भीती म्हणजे मीच होतो. इतकं अपराधी मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल. वर नाक्यावरचा तो पोरगा आवाज ऐकून धावत आला आणि मोळ्या पाहून उत्साहानं म्हणाला, "साहेब, जप्त कराच्या काय?"

"काही जप्त नाही कराचं. तू नाक्यावर जाय, अन् म्या बोलावल्याशिवाय इकडं येऊ नोको."

तो गेला. माय मोळ्यांपाशी गेली, खाली बसली आणि दोरी हातात घेऊन पाहू लागली. जुन्या लुगड्याच्या चिंध्या वळून केलेली दोरी, जागोजागी गाठी. "लाकडाचं काई नाई," ती म्हणाली, "लाकूड उद्या भेटन. दोरी गेली तं बांधतीन कायनं? त्या येतीन बरं दोरीसाठी. इथीच कुठी बसल्या असतीन झाडाआड."

आम्ही वाट पाहिली. रोडगे भाजून निघाले, बायकोनं राख झटकून पदराखाली झाकून ठेवले. कोणी येईना. वरच्या झाडीत एकदा पानं वाजली आणि थांबली. जेवू या असं मी म्हणालो तर माय म्हणाली, त्या उपाशी तिकडं बसल्यात अन् आपुन इकडं कसं जेवाचं. मी म्हटलं मग मी हाक मारतो. ती म्हणाली, "तू? तू हाक मारली तं त्या गाव सोडतीन."

मग तिनं मला जवळ बोलावलं. लहानपणी काही काम सांगायची तशी, हळू आवाजात, गाल धरून नाही पण तसंच. "बाप्पा, राग नोको मानू. तू जाय तिकडं, थ्या मोठ्या झाडामांगं. दिसू नोको. टोपी काढ. तू दिसतं तवरोक त्या येत नाईत."

बायको खदखदून हसली. मी टोपी काढली आणि गेलो. सरकारी वनपाल, अंगावर खाकी, नाला ओलांडून एका सादड्याच्या खोडामागे जाऊन उकिडवा बसलो. बूट दिसू नयेत म्हणून पाय आत ओढून घेतले.

त्या आल्या. आधी तरणी, मग म्हातारी. मोळ्यांपासून लांब उभ्या राहून त्यांनी मायशी काही बोलणं केलं. माय काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण तिनं आपले दोन्ही तळवे उघडून त्यांच्यापुढे धरले, कुऱ्हाडीनं पडलेले घट्टे अजून होते, तेच दाखवले असणार. म्हातारीनं ते तळवे हातात घेऊन पाहिले. मग सगळ्या खाली बसल्या. बायकोनं पळसाची पानं मांडली, रोडगे फोडले, वांग्याची भाजी वाढली. तूप मावशीनं डब्यात दिलं होतं, तेही निघालं. माझ्या वाटणीचे रोडगे त्या बायांच्या पानात गेले हे मी खोडाआडून स्वच्छ पाहिलं.

आणि मग माय बसली. मी इतका वेळ ज्याची वाट पाहत होतो तसं बसली. एका मोळीला पाठ टेकली, दोन्ही पाय रेतीत लांब पसरले, पदर डोक्यावरून खाली पडू दिला. दुखरा गुडघा चोळत चोळत ती काहीतरी सांगत होती आणि त्या दोघी हसत होत्या. एकदा तिनं नाकेदाराची नक्कल केली असावी, मिशीवर ताव दिल्यासारखा हात फिरवला, मान उडवली, आणि म्हातारी हसता हसता आडवी झाली. मायला इतकं हसताना मी घरात पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला. खरंच झाला. आणि त्याच वेळी मला कळत होतं की मी उठून उभा राहिलो तर हे सगळं क्षणात मोडेल. म्हणून पायाला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही.

थोड्या वेळानं बायको लांबून वळसा घालून आली. पदराखालून एक रोडगा आणि भाजी काढून म्हणाली, "घ्या. चोरासारखे बसलेच हा तं चोरासारखे खा." मी खाल्लं. रोडगा गार झाला होता.

सूर्य कलला तेव्हा माय उठली. मोळी डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. तिनं एका बाजूनं धरून आधी म्हातारीला मोळी चढवली, मग तरणीला. त्या नाल्यातनंच गेल्या, रस्त्यानं नाही. त्या दिसेनाशा झाल्यावर मायनं मला हाक मारली. "ये आता."

मी आलो तेव्हा तिनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला होता.

साहेबांना सोमवारी जागेची माहिती दिली. पाणी, सावली, रेती, रस्ता, सगळं त्यांना पसंत पडलं. "आणि आई? आई निवांत बसल्या का?"

"बसल्या साहेब."

"मग योग्य आहे जागा. लिहून टाका." मी लिहून टाकलं. गणवेशाबद्दल काही लिहावं असं मनात आलं होतं, पण ते खात्याला कोणत्या शब्दांत सांगायचं हे मला सुचलं नाही आणि मी घरी आलो.

पुढे एके दिवशी माय खोलीच्या दारात बसून माझ्या खाकी सदऱ्याचं सैल झालेलं बटण शिवत होती. मी बूट काढत होतो. ती मान खाली घालूनच म्हणाली, "जागा लय गोड होती रे थे. माहा जीव गार झाला. पुन्हा कधी जाचं?"

मला इतकं बरं वाटलं की मी लगेच म्हणालो, "तू म्हनशीन तवा जाऊ. येत्या सुट्टीले जाऊ."

तिनं दोरा दातानं तोडला, बटण ओढून पाहिलं, पक्कं झालं होतं. सदरा झटकून तिनं माझ्या हातात दिला.

"सुनेले अन् मले गाडीत बसवून देजो," ती म्हणाली. "तू नोको येऊ बाप्पा."

मी बरं म्हणालो.